आवस सरल्यावर लागलेलं ग्रहण

सोमवारी लक्ष्मीपूजन झालं आणि पाडवा आला थेट बुधवारी. मधला मंगळवार, २५ ऑक्टोबर २०२२, ग्रहणानं अडवून धरला होता. ऐन दिवाळीत आमचं गाव इतकं मुकं मी क्वचितच पाहिलं असेल. फटाक्याचा आवाज नाही, चुली सकाळपासून गार. फराळाच्या डब्यांवर आणि पाण्याच्या हंड्यात तुळशीची पानं, तीही सोमवारी दुपारीच तोडून ठेवलेली, कारण आवस, म्हणजे अमावस्या, लागली की तुळस तोडायची नाही हा मायचा नेम. कापूस मात्र कुणासाठी थांबत नाही. बोंडं फुटून लोंबायला लागली होती, त्यामुळे वेचणीच्या बाया कमरेला ओटी बांधून नेहमीसारख्याच शेतात गेल्या होत्या.

मी तीन वाजताच दुर्बीण घेऊन वर गेलो. जुन्या धाब्याच्या जागी आता स्लॅब आहे, तिपाई हलत नाही. चाळीसगाव तालुक्यातलं आमचं हे घर असं आहे, की दक्षिणेला सातमाळ्याची निळी रांग दिसते आणि मावळतीकडे नुसतं सपाट रान, मध्ये एक निंब. ग्रहण बुडत्या सूर्याचं असल्यानं ही मावळतीची मोकळी बाजू हवीच होती.

माय खाली ओसरीत खांबाला टेकून बसली होती, मावळतीकडे पाठ करून, हातात माळ. तिला ग्रहण बघायचं नव्हतं. उभ्या आयुष्यात तिनं एकही बघितलेलं नाही. तिला माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती, स्पर्शाची, म्हणजे ग्रहण लागण्याची वेळ. स्पर्श झाला की जप सुरू करायचा. घरातल्या कॅलेंडरावर छापलेली वेळ मुंबईची असते, हे मी तिला मागे कधीतरी सांगितलं होतं आणि तिनं ते पक्कं धरलं होतं.

"मुंबईना टाइम माले काय करना? तू वर बठेल शे ना, तूच सांग."

मी वरून हाक द्यायची आणि तिनं पहिला मणी ओढायचा, असं आमचं ठरलं.

साडेचारच्या सुमारास शेजारचे जिभाऊ अंगणात आले. हातात कॅलेंडर, चेहऱ्यावर शंका. "भाऊ, आवस तं सव्वाचारलेच सरी गयी. मंग आते गिऱ्हान कसं लागीन?"

मला हा प्रश्न फार आवडला. ग्रहणाच्या दिवशी लोक काय खावं, काय खाऊ नये हे विचारतात. जिभाऊंनी पंचांगातली आणि आभाळातली विसंगती पकडली होती. अमावस्या म्हणजे चंद्र-सूर्य एका रेषेत. ती रेष दुपारी ४ वाजून १८-१९ मिनिटांनी जुळून सुटली होती, आणि आमच्या गावात तर ग्रहण सुरू व्हायचंच होतं पावणेपाचनंतर. म्हणजे आवस सरल्यावर ग्रहण. शाळेत आपण सगळे शिकलो, सूर्यग्रहण अमावास्येलाच होतं. मग हे काय?

अंगणात काठीला आकाशकंदील टांगला होता. मी जिभाऊंना म्हटलं, "तुम्हाला तिथून कंदील कशावर दिसतो?" ते म्हणाले, निंबाच्या शेंड्यावर. मला वरून तोच कंदील समोरच्या भिंतीवर दिसत होता, निंबापासून पार खाली. कंदील जवळ, निंब लांब. बघणारा हलला की जवळची वस्तू सरकते, लांबची जागेवर राहते. चंद्र हा आपला कंदील. सूर्य त्याच्या सुमारे चारशे पट लांब. पंचांगाची आवस मोजतात ती पृथ्वीच्या मध्यबिंदूवरून, जणू कुणी जमिनीच्या पोटात बसून बघतोय. आपण बसलोय पृथ्वीच्या कडेवर, आणि संध्याकाळी तर पार एका बगलेला. तिथून चंद्र आपल्या खऱ्या जागेपेक्षा मावळतीकडे खाली उतरलेला दिसतो, क्षितिजाजवळ जवळपास एक अंश, म्हणजे स्वतःच्या रुंदीच्या दुप्पट. सूर्यापर्यंत पोचायला त्याला तेवढी वाट जास्त चालावी लागते, म्हणून उशीर.

याला आपल्या जुन्या ज्योतिषात शब्द आहे लंबन. लोंबणं. चंद्र आपल्याकडे लोंबतो. इतका सरळ शब्द असताना शाळेत कुणी तो मला असा फोड करून सांगितला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

जिभाऊंना मी हेही सांगितलं की हे गणित आपल्या तालुक्यात शिकवलं जायचं. ते पाटणादेवीला दर नवरात्रात जातात. चाळीसगावहून अठरा-वीस किलोमीटर, गौताळ्याच्या जंगलाच्या तोंडाशी. तिथल्या पाटण गावातला एक शिलालेख १९ व्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी. त्यानं आजोबांचे ग्रंथ, 'सिद्धांतशिरोमणी' आणि बाकीचे, शिकवले जावेत म्हणून पाटणला मठ काढला. त्या मठाला निकुंभ घराण्याच्या सोइदेवानं दान दिलं शके ११२८ मध्ये, श्रावण पौर्णिमेला, आणि लेखात कोरलंय की 'चंद्रग्रहणसमये'. ग्रहणाचं गणित शिकवणाऱ्या मठाला ग्रहण लागलेलं असताना दिलेलं दान.

लेखाचा वरचा भाग संस्कृत आहे. शेवटाकडे मात्र तो चक्क आपल्या मराठीत उतरतो, आठशे वर्षांपूर्वीच्या. पाटणच्या बाजारात जो माल उघडेल त्यावरचा राजाचा वाटा मठाला. आणि जितके तेलघाणे चालतील, त्या प्रत्येकामागे पळी-पळी तेल. मी पाटणला गेलो की प्रत्येक वेळी या पळीभर तेलाशी अडकतो. घाण्यावरच्या तेल्याला लंबन काय हे ठाऊक असण्याचं कारण नाही. पण त्याच्या घाण्यातल्या तेलावर मठातला दिवा जळत होता, आणि त्या दिव्याच्या उजेडात कुणीतरी पोरगं पुढच्या ग्रहणाचा स्पर्श आणि मोक्ष, म्हणजे सुटका, मोजत बसलं होतं. इथे, याच मातीत, सातमाळ्याच्या पायथ्याला.

भास्कराचार्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' लिहिला शके १०७२ मध्ये, म्हणजे सन ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. त्यात ते म्हणतात, चंद्र खालून, पश्चिमेकडून ढगासारखा येतो आणि आपल्या काळ्या अंगानं सूर्याला झाकतो. म्हणून स्पर्श पश्चिमेला, सुटका पूर्वेला. आणि दोघांच्या कक्षा वेगवेगळ्या उंचीवर असल्यामुळेच एका ठिकाणी सूर्य झाकलेला दिसतो, दुसऱ्या ठिकाणी उघडा. खंडग्रास ग्रहणाबद्दल मला यापुढे जाऊन सांगण्यासारखं काही सुचत नाही. ढग अंगावरून जातो तेव्हा तुमच्या शेतावर सावली आणि बांधापलीकडे ऊन, तसं.

खंडग्रास म्हटलं की लोकांचा चेहरा पडतो, हे मी बऱ्याचदा पाहिलं आहे. "म्हणजे पूर्ण नाही का?" मीही पूर्णामागे धावलो. २२ जुलै २००९ ला खग्रासचा पट्टा सुरतेकडून आपल्या नंदुरबार जिल्ह्यावरून गेला, तेव्हा रात्रीच शहाद्याला जाऊन थांबलो होतो. सकाळी साडेसहाच्या आत ढगांच्या वर काहीतरी मिटलं, रान काळं झालं, बगळे परत झाडाकडे वळले, आणि पाऊस सुरूच राहिला. २०१९ चं डिसेंबरमधलं चष्म्यातून पाहिलं. २०२० च्या जूनमधलं ढगांनी खाल्लं. पण या २०२२ च्या ग्रहणाची गोष्ट निराळी होती. ते पृथ्वीवर कुठेच खग्रास नव्हतं. चंद्राची गडद सावली उत्तर ध्रुवाच्या वरून अवकाशात निघून गेली. सगळ्यात जास्त सूर्य झाकला तो पश्चिम सैबेरियात, व्यासाच्या सुमारे ८६ टक्के. आमच्याकडे बुडेपर्यंत साधारण पाव सूर्य. माझ्या स्लॅबवरून दिसणारं ते आमच्या गावाचं ग्रहण. पारोळ्याहून ते किंचित वेगळं, सुरतेहून आणखी वेगळं.

दुर्बीण माझी कोरोनाडो कंपनीची पीएसटी. फक्त सूर्यासाठी बनवलेली, दुसरं काही तिच्यातून दिसत नाही. समोरची काच ४० मिलिमीटरची, नळी लहानशी. साध्या दुर्बिणीला पुढून सौरफिल्टर लावला की सूर्याची पांढरी तबकडी आणि डाग दिसतात. ही दुर्बीण त्या सगळ्या उजेडातून एकच लाल रेघ निवडते, हायड्रोजनची, ६५६.२८ नॅनोमीटरची. आत दोन सपाट काचा एकमेकींच्या इतक्या जवळ बसवलेल्या असतात, की त्यांच्यामधल्या फटीत उजेड मागे-पुढे आपटत राहतो आणि ठरावीक लांबीच्याच लहरी बाहेर पडतात. नळीवरचं कडं बोटानं जरा जरा फिरवायचं. एका जागी येईपर्यंत नुसता लाल गोळा दिसतो. मग एकदम त्याला पोत येतो. डाळिंबाच्या सालीसारखा. मधे काळे दोरे पडलेले दिसतात, आणि कडेबाहेर, काळ्या आभाळावर, ज्वाळा.

ज्वाळा हा शब्द मी सवयीनं वापरतो. प्रत्यक्षात त्या फार मऊ दिसतात. त्या दिवशी एका कडेला एक होती, बोंड फुटल्यावर कापसाचा पुंजका पाकळीबाहेर येऊन अडकतो ना, अगदी तशी. त्या पुंजक्यात अख्खी पृथ्वी सहज मावली असती.

असल्या ज्वाळा एके काळी फक्त खग्रास ग्रहणातच दिसायच्या. १८ ऑगस्ट १८६८ ला पिएर जान्सेन हा फ्रेंच माणूस आंध्रात गुंटूरला वर्णपटदर्शक, म्हणजे उजेडाचे रंग वेगळे करून दाखवणारं यंत्र, घेऊन उभा होता. ग्रहणात त्याला ज्वाळांच्या रेघा इतक्या ठळक दिसल्या, की त्याला वाटलं, या तर उघड्या सूर्यावरही सापडतील. दुसऱ्या दिवशी सकाळी, ग्रहण नसताना, त्यानं त्या शोधून दाखवल्या. लाल रेघ धरून बाकीचा उजेड बाजूला सारायचा, ही तीच युक्ती. माझी ४० मिलिमीटरची नळी रोज सकाळी तीच करते. ती हाताळताना मला गुंटूरची ती दुसरी सकाळ नेहमी आठवते.

पावणेपाच झाले. सूर्य निंबाच्या वर हातभर. दुर्बिणीत सगळं उलटसुलट दिसतं, म्हणून कुठल्या कडेवर नजर लावायची ते मी कागदावर आधीच काढून ठेवलं होतं. मावळत्या सूर्याची कड तशी स्थिर नसते, रानातली धूळ आणि ऊन तिला उकळवत ठेवतात. त्या उकळण्यात एक क्षण ओळखायचा. डोक्यावर काळं फडकं घेतलं, श्वास धरला.

या लाल उजेडात सूर्याची कड नीट बघितली तर ती गुळगुळीत नसते. तिच्यावर बारीक लव असते, नुकत्याच उगवलेल्या ज्वारीच्या कोंबांसारखी. त्या लवेत एका जागी काहीतरी झालं. ती चपटी पडली. कुणी बोट टेकवावं तशी. मग तिथे एक लहानशी सपाटी, मग तिला अगदी हलका खळगा.

"माय, लागनं!"

खालून उत्तर आलं नाही. माळेचा आवाज मला वर येणं शक्यच नव्हतं, पण ती सुरू झाली होती हे मला कळलं.

शेजारचा सातवीतला मुलगा ग्रहणाचा चष्मा लावून माझ्या बाजूला बसला होता. मी काही दिसतं का विचारलं. नाही म्हणाला. मी त्याला बघत राहायला सांगितलं आणि घड्याळ लावलं. मला दुर्बिणीत खळगा स्पष्ट वाढताना दिसत होता. मुलगा ओरडला तेव्हा जवळपास तीन मिनिटं होऊन गेली होती. भास्कराचार्य ग्रहणाबद्दल एक फार प्रामाणिक नियम सांगतात. सूर्याचा बारावा भाग झाकला जाईपर्यंत ग्रहण लागलं असं लोकांना सांगू नये, कारण त्याचं तेज इतकं तिखट की तेवढं कुणाला दिसणारच नाही. चंद्राला हीच मर्यादा सोळाव्या भागाची. गणितात आलं तरी डोळ्याला दिसत नसेल तर जाहीर करू नका, असं आठशे-नऊशे वर्षांपूर्वी लिहिणारा माणूस स्वतः किती वेळ उघड्या आभाळाखाली उभा राहिला असेल! बाराव्या भागाच्या पुष्कळ आधीचा तो स्पर्श मी पाहिला होता. तो त्यांनी गणितात पाहिला होता. मला त्यांना एकदा नळीला डोळा लावू द्यावासा वाटला, आणि हे लिहितानाही वाटतं.

सव्वापाचपर्यंत स्लॅबवर पंधरावीस माणसं झाली. वेचणीहून परतलेल्या बायाही आल्या, ओटीत कापूस तसाच. एकीनं नळीला डोळा लावला आणि लगेच काढला. "हाई तं भाकरना कुटका तोडेल दिखस!" मग सगळ्या हसल्या आणि रांग लागली. एक जण एक्स-रेची फिल्म घेऊन आला होता, ती मी काढून घेतली. ती उजेड मंद करते पण उष्णतेच्या लहरी आत सोडते, आणि डोळ्याच्या पडद्याला दुखणं कळत नाही, त्यामुळे भाजलं तरी त्या वेळी समजत नाही. माझ्या तोंडून जरा कडक शब्द गेले. पण डोळ्याच्या बाबतीत भीड ठेवून चालत नाही.

पोरांना दुर्बिणीची वाट बघवेना, म्हणून वहिनींनी खालून शेवेचा सोऱ्या दिला. त्यातली बारीक शेवेची चकती काढली आणि चुन्यानं रंगवलेल्या जिन्याच्या भिंतीसमोर उन्हात धरली. भिंतीवर चकतीच्या छिद्रांएवढे सूर्य उमटले. प्रत्येकाचा एका बाजूनं टवका गेलेला. एकसारखे, ओळीनं, साठ-सत्तर तरी. लहानगी एक एक सूर्य बोटानं मोजायला लागली, आणि चकती धरणाऱ्याचा हात हलला की सगळे सूर्य पळायचे, मग पुन्हा पहिल्यापासून.

मी त्या भिंतीपाशी जरा जास्त वेळ थांबलो. १६ फेब्रुवारी १९८० ला मी सात वर्षांचा होतो. ते ग्रहण कर्नाटकात, आंध्रात खग्रास होतं, आमच्याकडे खंडग्रास. पण सगळं गाव दारं लावून बसलं होतं. आम्हा मुलांना गोठ्याशेजारच्या खोलीत कोंडलं, खिडकीला गोधडी लावली. बाहेर काय घडतंय ते कुणी सांगेना, फक्त बघायचं नाही. पत्र्याला कुठेतरी खिळ्याचं भोक होतं. त्यातून उन्हाची तिरीप खाली शेणानं सारवलेल्या जमिनीवर पडायची, रोजचीच, गोल. त्या दुपारी ती गोल नव्हती. बांगडी फुटून पडलेला तुकडा असावा तशी वाकडी, बारीक. मी तिच्यावर हात ठेवला तर ती माझ्या हाताच्या पाठीवर येऊन बसली. मी कुणाला सांगितलं नाही, कारण बघायचं नाही असं सांगितलेलं असताना मी पाहिलं होतं. पुष्कळ वर्षं मला वाटायचं की काहीतरी चुकीचं घडलं. पाटणच्या मठापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर, त्या मठाच्या पोरांना जे शिकवलं जायचं ते माझ्या तळहातामागे येऊन बसलं होतं, आणि ते मला समजावून सांगणारं कुणी नव्हतं. मी पुढे शिक्षक झालो त्यात त्या तिरपेचा मोठा वाटा आहे.

सहाला काही मिनिटं असताना सूर्य रानाच्या धुळीत उतरला. आता तो नुसत्या डोळ्यालाही तांबूस, मवाळ वाटायला लागला, पण मी कुणाला चष्मा काढू दिला नाही. उजव्या अंगानं पाव भाग गेलेला. बुडताना तो तुटका सूर्य क्षितिजावर अशा तऱ्हेनं टेकला की क्षणभर डोंगी पाण्यात शिरावी तसा दिसला. मग गेला. पंचांगात याला ग्रस्तास्त म्हणतात, ग्रासलेलाच मावळला.

मी खाली आलो. माय अजून तशीच बसलेली.

"सुटनं का?"

मी सांगितलं, सुटलं नाही, तसाच बुडाला. मोक्ष साडेसहाच्या आसपास होईल, पण सूर्य आता आपल्या खाली आहे, दिसणार नाही. जिभाऊ म्हणाले, वेळ झाली की आंघोळ करून जेवून घ्या, आता कोण इतकं पाळतं. वहिनींनीही सांगून पाहिलं. माय ऐकून घेत राहिली. ग्रस्तास्ताला दुसऱ्या दिवशीचं शुद्ध बिंब बघितल्याशिवाय अन्न घ्यायचं नाही, हे तिला तिच्या सासूनं सांगितलेलं. माझ्याकडे बघून म्हणाली, "सकायले माले दखाडजो. आख्खा शे का नही ते मी देखसू."

रात्रभर ती पाण्यावर होती. बाकी घर उशिरा जेवलं. भरीत-भाकरीचा वास घरभर होता आणि मला घास गिळवत नव्हता.

पाडव्याच्या सकाळी मी अंधारातच दुर्बीण खाली अंगणात लावली, कारण जिना तिला चढवत नाही. आंघोळ करून, नवं लुगडं नेसून ती आली. सूर्य शेजारच्या गच्चीवर यायला सात वाजले. मी कडं फिरवून पोत आणला, तिच्या उंचीला स्टूल दिलं, आणि तिचा चेहरा दोन्ही हातांनी धरून डोळा जागेवर नेला. ती पहिल्यांदा सूर्याकडे बघत होती. काही वेळ नुसतं काळं आहे म्हणाली. मग गप्प झाली. मग तिची मान हळूहळू फिरायला लागली, जणू ती कडेकडेनं चालत पुरा फेरा घेत होती, कुठे काही तुटलेलं राहिलं नाही ना हे बघत.

"आख्खा शे," ती म्हणाली. डोळा तिनं काढला नाही. "पन कडले कापूस चिकटेल शे."

मी म्हटलं, असतो तो, रोजच असतो.

"रोज?" ती म्हणाली, आणि परत बघू लागली. वहिनी चहा घेऊन दाराशी उभ्या होत्या.